मांजर का अडले?

संगणक हा अत्यंत आज्ञाधारक सेवक आहे. परंतु आज्ञा देणाऱ्याच्या मनातील हेतू त्याला कळत नाही; त्याला कळते ती केवळ दिलेली आज्ञा. म्हणून संगणकाकडून काम करून घेणाऱ्याने आपली आज्ञा फार जपून योजावी लागते.

मुलांना अशा आज्ञा सहज रचता याव्यात, म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 'स्क्रॅच' ही संगणकाची भाषा तयार झाली व २००७ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. तिच्यातील रंगमंच ४८० एकक रुंद व ३६० एकक उंच असतो. त्याच्या मध्यावर 'एक्स' व 'वाय' या दोन्ही संख्या शून्य असतात. उजवीकडे जाताना एक्स वाढतो, तर वर जाताना वाय वाढतो.

सातवीतील एका विद्यार्थिनीने शाळेच्या प्रदर्शनासाठी या भाषेत एक खेळ रचला. बाणांची बटणे दाबून मांजराला भिंतींमधून दारापर्यंत न्यावयाचे, असा तो खेळ होता. प्रदर्शन दुसऱ्या दिवसावर आले आणि मांजर चालेना! उजवा बाण दाबताच ते उणे २०० वरून एकदम १० वर आले व तेथेच खिळले. सारे पुसून नव्याने प्रारंभ करावा, असे तिला वाटले. पण आठ दिवस खपून उभारलेल्या भिंती, दार आणि गुणांची मोजणी यांत काहीच दोष नव्हता. तेव्हा दोष चालण्याच्या आज्ञेतच असला पाहिजे, हे तिने ताडले.

तिने एक्सची संख्या पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था केली. प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर तेथे १० हाच आकडा दिसे. मग तिने आज्ञा पुन्हा वाचली. 'एक्स १० ने वाढवा' असे सांगण्याऐवजी तिने 'एक्स १० करा' असे सांगितले होते! संगणकाने आज्ञा तंतोतंत पाळली होती. चुकली होती ती आज्ञाच. ती सुधारताच मांजर चालू लागले.

तरीही बटण दाबून धरले असता मांजर एक पाऊल टाकून क्षणभर थबके व मग पुढे जाई. एखादे अक्षर टंकताना बटण दाबून धरले, तरी असेच होते: पहिले अक्षर उमटते, किंचित खंड पडतो आणि मग अक्षरांची रांग लागते. म्हणून 'बटण दाबल्यावर चाल' ही आज्ञा काढून 'बटण दाबलेले आहे का, हे सतत पाहा. असल्यास चाल' अशी आज्ञा तिने दिली. थबकणे थांबले. मात्र वेग फार वाढला, म्हणून तिने १० ऐवजी ५ ही संख्या घेतली.

शेवटी एक सूक्ष्म दोष उरला. उजवा व वरचा बाण एकदम दाबला, की मांजर अधिक वेगाने धावे. तिने चौकटींच्या कागदावर आकृती काढली. ५ उजवीकडे व ५ वर गेल्यास पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे तिरपे अंतर सुमारे ७ होते. दोन्ही बाण दाबलेले असता प्रत्येक दिशेस ३.५ च जावे, अशी अट घालताच सर्व दिशांचा वेग जवळजवळ सारखा झाला.

तिने तिन्ही वेळा प्रथम नीट पाहिले, मग कारण शोधले, एका वेळी एकच बदल केला आणि त्याचा परिणाम पुन्हा तपासला. एकदम चार बदल केले असते, तर कोणत्या बदलाने दोष गेला हे तिला कळलेच नसते. चूक झाली म्हणून सारे पुसून टाकणारा आपले बरोबर असलेले कामही गमावतो. चूक नेमकी कोठे आहे हे शोधणारा मात्र काम राखतो आणि ज्ञानही मिळवतो.

स्वाध्याय
१. 'एक्स १० करा' व 'एक्स १० ने वाढवा' या आज्ञांतील फरक स्पष्ट करा.
२. विद्यार्थिनीने सारा खेळ पुसला असता, तर तिचे कोणते नुकसान झाले असते?
३. प्रत्यय बदलल्याने अर्थ बदलतो, अशी तीन वाक्ये लिहा.