आधी फळी, मग एजंट

मराठीत लिहिणाऱ्याला एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारा माणूस, ही भानगड माहीत नसते. हस्तलिखित प्रकाशकाकडे न्यायचं, ‘वाचून कळवतो’ ऐकायचं आणि वाट पाहायची, एवढाच व्यवहार. अमेरिकेत मुलांसाठी इंग्रजीत लिहायला लागले, तेव्हा कळलं की इथल्या बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्था एजंटशिवाय आलेलं हस्तलिखित उघडूनही बघत नाहीत. मला एजंट मिळाली त्याला आता काही वर्षं झाली. अधूनमधून पुण्या-ठाण्याहून, कधी इथल्याच महाराष्ट्र मंडळातून फोन येतात. विचारणारे मुलांसाठी, किशोरांसाठी नाहीतर प्रेमकथा लिहिणारे असतात. त्यांना जे सांगते, तेच इथे मांडते.

१. एजंट शोधण्याआधी आपलं पुस्तक दुकानात कुठल्या फळीवर बसेल ते ठरवा. मोठ्यांच्या कादंबरीत थोडी मोकळीक असते; मुलांच्या पुस्तकांत नाही. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं, मजकूर पाच-सहाशे शब्दांच्या आत. ८ ते १२ वयोगटाची ‘मिडल ग्रेड’ कादंबरी साधारण ३० ते ५० हजार शब्दांची. १२ ते १८ची ‘यंग ॲडल्ट’ ६० ते ९० हजारांची. नायक वाचकाहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा हवा, कारण पोरांना आपल्याहून मोठ्यांचे उद्योग वाचायचे असतात. नायिका चौदाची असेल तर ती दोन फळ्यांच्या मधोमध पडते आणि एजंट हात आखडता घेतात.

आपल्याकडून येणाऱ्या लिखाणात आणखी एक गोष्ट हमखास दिसते. आजोळ, आमराई, विहिरीवरची दुपार, आजीची गोधडी. वाचायला गोड असतं, पण ती चाळिशीतल्या माणसाने काढलेली आठवण असते. नायक लहान आहे म्हणून पुस्तक मुलांचं होत नाही. दहा वर्षांच्या मुलाला त्या दुपारी काय हवं होतं आणि ते कोण देत नव्हतं, तिथून सुरुवात झाली तर ते मुलांचं.

शब्दसंख्येचं बोललं की कुणीतरी ‘ट्वायलाइट’चा दाखला देतंच. खरं आहे, स्टेफनी मायर यांचं ते हस्तलिखित सुमारे १ लाख ३० हजार शब्दांचं होतं. त्यांनी एजंटांना १५ पत्रं पाठवली, बहुतेक नकार आले, काहींचं उत्तरच आलं नाही, आणि रायटर्स हाउस या एजंट-संस्थेत एका साहाय्यिकेने ते उचललं. किशोरांच्या पुस्तकाला एवढे शब्द चालत नाहीत हे तिला ठाऊक नव्हतं, असं मायर यांनीच सांगितलं आहे. पुस्तक २००५मध्ये आलं आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण कुणाच्या तरी अज्ञानावर भरवसा ठेवून आपण पत्र पाठवू नये.

२. प्रेमकथेचा शेवट गोड हवा, याला पर्याय नाही. आपण ‘देवदास’वर वाढलेली माणसं, विरहाशिवाय प्रेम खरं वाटत नाही. इथे मात्र शेवटी दोघं एकत्र आली नाहीत तर ती ‘रोमान्स’ नव्हेच, मग भाषा कितीही सुंदर असो. दुसरी गोष्ट, या प्रकारात एजंट प्रत्येक वेळी लागतोच असं नाही. हार्लेक्विन आणि तिच्याच घरातली मिल्स अँड बून (लंडनची, १९०८ सालची) ठरावीक मालिकांसाठी लेखकांकडून थेट हस्तलिखितं घेतात. मालिकेबाहेरची मोठी कादंबरी असेल तर एजंट शोधा. आणि ‘आधी रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकाचे सभासद व्हा’ असं कुणी सांगितलं, तर सल्ला किती जुना ते ओळखा. त्या संस्थेने २०२४मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

३. एजंटला पुस्तकाची ओळख करून देणारं पत्र एका पानाचं, तीनशे शब्दांच्या आसपास. आमच्या लेखनगटात एका मैत्रिणीने पत्र वाचून दाखवलं. सुरुवात अशी: ‘ही कादंबरी स्थलांतर, कुटुंब आणि ओळख यांचा शोध घेते.’ टेबलाभोवती सगळे गप्प. मग कुणीतरी विचारलं, ‘अगं, पण होतं काय त्यात?’ ती म्हणाली, ‘आजी सहा महिन्यांसाठी अमेरिकेत एडिसनला येते आणि परत जाण्याआधी तिला गाडी चालवायला शिकायचं असतं. घरात हे फक्त बारा वर्षांच्या नातीला माहीत असतं.’ झालं, हेच पत्र! कुणाला काय हवंय, आड काय येतंय आणि जमलं नाही तर काय जाईल, एवढंच एजंटला पहिल्या परिच्छेदात हवं असतं. शोधबीध समीक्षक घेतील.

पत्रात खाली आपल्या पुस्तकाच्या जवळची दोन पुस्तकं सांगायची, गेल्या तीन-चार वर्षांतली. हॅरी पॉटरचं नाव घेतलंत तर अलीकडे तुम्ही काही वाचलेलं नाही, एवढंच सिद्ध होतं.

४. नावं कुठे मिळतात? आवडलेल्या पुस्तकाचं आभाराचं पान उघडा. लेखक एजंटचं नाव बहुधा तिथे लिहितोच. क्वेरीट्रॅकर आणि मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्ट या साइट्स आहेत. मुलांसाठी लिहिणाऱ्यांची एससीबीडब्ल्यूआय ही १९७१पासूनची संस्था आहे, तिचे गट भारतातही आहेत. ब्रिटनमध्ये रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक ही वार्षिक यादी. ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका रोलिंग यांना क्रिस्टोफर लिटल हे एजंटचं नाव याच यादीत सापडलं होतं, आणि लिटल यांच्या कचेरीत ‘हॅरी पॉटर’चं हस्तलिखित आधी वाचलं ब्रायोनी एव्हन्स या तिथल्या कर्मचारी मुलीने. म्हणून नवख्या, कनिष्ठ एजंटला कमी लेखू नका. भुकेले तेच असतात. पत्रं सहा-सातच्या टप्प्याने पाठवा. उत्तर आलं नाही, तर ते उत्तर नकाराचं समजा आणि पुढच्या लिखाणाला लागा.

५. चित्रपुस्तकासाठी भाचीकडून चित्रं काढून घेऊ नका. चित्रकार प्रकाशक निवडतो.

६. पैसे. एजंटचा वाटा देशातल्या विक्रीवर १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर सहसा २०. तो तुमच्या मिळकतीतून कापला जातो, आधी द्यावा लागत नाही. मला एका गृहस्थांनी ‘हस्तलिखित वाचण्याचं शुल्क’ मागितलं होतं. मी तिथेच रामराम ठोकला. असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्सच्या सभासदांना असं शुल्क घेण्याची मुभाच नाही. शंका आली तर रायटर बिवेअर या साइटवर नाव तपासा.

७. होकाराचा फोन आला की लगेच ‘हो’ म्हणू नका. ज्यांच्याकडे पुस्तक आहे त्या बाकी एजंटांना कळवून दोन आठवडे मागणं हा इथला रिवाज आहे, त्यात उद्धटपणा नाही. फोनवर विचारा: कुठल्या संपादकांना पाठवणार, पुस्तकात काय बदल हवेत, आणि पटलं नाही तर करार मोडायचा कसा? बदलांचं उत्तर नीट कान देऊन ऐका. एका एजंटबाईंना माझ्या कादंबरीत ठरवून केलेलं लग्न आणि जरा जास्त मसाल्यांचे वास हवे होते. कादंबरी बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलीची होती. मी नाही म्हटलं.

८. पुण्यात बसून भारतातल्या मुलांसाठी इंग्रजीत लिहीत असाल, तर अमेरिकेतल्या एजंटमागे धावू नका. चेन्नईची तूलिका, बंगळूरची प्रथम बुक्स यांच्यासारखे प्रकाशक लेखकाशी थेट बोलतात. हस्तलिखितं कधी घेतात ते त्यांच्या साइटवर बघा. आपल्याकडे एजंट आहेत, पण मोजके: जयपूरची सियाही, दिल्लीची रायटर्स साइड.

मराठीत लिहीत असाल, तर मध्ये कुणीच नाही. म्हणजे इथे माझी एजंट जे काम करते, ते तुम्हाला स्वतः करावं लागणार. प्रकाशकाच्या करारात छपाई, अनुवाद, ऑडिओ आणि चित्रपट-मालिका हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या, प्रत्येकाची मुदत आणि टक्केवारी मागा. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ अशी एकच ओळ असेल, तर ती बदलल्याशिवाय सही करू नका.