कडी काढलेला रुपया

आजी गेल्यावर वर्षभराने तिची रुपयांची माळ सोडवली. काळ्या गोफात ओवलेले अकरा रुपये, प्रत्येकाच्या डोक्यावर चांदीची कडी झाळलेली. लेकी-सुनांची वाटणी झाल्यावर उरलेले नातींकडे आले. माझ्या वाट्याला तीन रुपये आले: एक १८४० चा, कंपनी सरकारचा, एक १८६२ चा, आणि एक १८८४ चा, ज्याच्यावर राणीची ‘एम्प्रेस’ झालेली आहे. आमच्या साताऱ्याकडे राणीछाप रुपयांची माळ म्हणजे काही मोठ्या श्रीमंतीचा दागिना नव्हे. पीक चांगले आले की एक रुपया वाढायचा, अडचण आली की एक उतरायचा. बायकांची ती स्वतःची शिल्लक असायची.

नाण्यांचा नाद मला त्यानंतर चार-पाच वर्षांनी लागला. भिंग आणले, पुस्तके आणली, आणि १८६२ च्या रुपयाविषयी वाचून मी हरखून गेले. हे साल टांकसाळीत बदललेच नाही. १८७४ पर्यंत रुपये पडत राहिले ते १८६२ याच सालाचे, आणि मागच्या बाजूला घातलेल्या बारीक ठिपक्यांवरून ते नेमके कोणत्या वर्षी पडले याचा माग अभ्यासक काढतात. भिंग घेऊन बसले तर माझ्या रुपयावर सालाच्या खाली ठिपके होते. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक, एका ओळीत. आजीच्या गळ्यात आयुष्यभर लोंबलेल्या नाण्यावर हे कोणी पाहिलेच नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्याच दिवशी डोक्यात आले, या कडीने नाण्याची शोभा घालवली आहे. कडी नसती तर हे नाणे किती सुंदर दिसले असते! चूक झाली ती इथे. गावातल्या सराफाकडे गेले. तो म्हणाला, “ताई, अर्ध्या तासात काढून देतो. कुठे कडी होती ते कळणारसुद्धा नाही.” त्याला मी दोष देत नाही. त्याचे काम दागिना नवा करण्याचे, आणि मी त्याच्याकडे जुने नाणे दागिना म्हणूनच नेले होते.

मी समोर बसून पाहत होते. त्याने फुंकणीची ज्योत कडीच्या बुडाशी धरली. झाळ वितळली, कडी चिमट्याने निघाली. पण ताप काही कडीपुरता राहत नाही. या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी आणि बाकीचे तांबे. तापल्यावर वरच्या थरातले तांबे हवेशी मिळून काळे पडते, आणि राणीचा अर्धा चेहरा काळवंडला. मग त्याने नाणे पातळ आम्लात टाकले. काळेपण गेले, पण वर खडूसारखा पांढरा, मेलेला रंग आला. झाळेचा उरलेला फुगवटा त्याने कानशीने घासला आणि शेवटी सगळे नाणे बफच्या चाकावर धरले. अर्ध्या तासाने माझ्या हातात आले ते आरशासारखे चकचकीत, नवे कोरे दिसणारे. काढलेली कडी त्याने कागदाच्या पुडीत बांधून दिली. चांदी आहे, टाकू नका, म्हणाला.

घरी येऊन भिंग लावले. ठिपके गेले होते. कडी होती वरच्या काठाला, ठिपके होते खालच्या बाजूला, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. ठिपके नेले बफने. वजन केले तर भरले ११.१८ ग्रॅम. टांकसाळीतून हा रुपया निघतो तेव्हा ११.६६ ग्रॅम असतो, म्हणजे बरोबर एक तोळा. तोळ्याचे वजनच रुपयावरून ठरलेले होते. कमी झालेल्यातले काही हाताहातांतून झिजले असेल, पण कानस आणि बफ यांचा वाटा त्यात नक्की आहे.

पुढे पुण्यात एका नाण्यांच्या प्रदर्शनात एका जुन्या संग्राहकांना तो दाखवला. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी रुपया तळहातावर घेतला, दिव्याखाली थोडा तिरपा केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तिरप्या उजेडात मलाही दिसले. सगळीकडे एकाच दिशेने गेलेल्या केसाएवढ्या रेषा, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या, आणि वरच्या काठाला जरासा चपटेपणा. “कडीवाला असता तर मी ठेवून घेतला असता ताई,” ते म्हणाले. “आता याला काय म्हणू?”

तेव्हापासून कोणी खराब झालेले नाणे दुरुस्त करू का म्हणून विचारले तर मी आधी एकच उलट प्रश्न विचारते. जे बिघडले आहे ते बिघडून संपले आहे, की अजून बिघडते आहे? भोक, कडी, ठोकर, वाकलेला काठ, कोणीतरी कोरलेले नाव हे सगळे होऊन गेलेले आहे. उद्या ते वाढणार नाही. त्याला हात लावण्याची घाई कुणालाच नाही. याउलट काही गोष्टी पेटीत ठेवल्या ठेवल्या नाणे खात असतात, आणि तिथे मात्र थांबून चालत नाही.

तांब्याच्या शिवराईचे उदाहरण घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवाजी महाराजांच्या नंतर पेशवाईतही त्या खूप पडल्या, आणि अक्षरांची वळणे, ऱ्हस्व-दीर्घ, वजन यांत इतका फरक आहे की संशोधक एकेका अक्षरावर अडून बसतात. अशा शिवराईवर गर्द हिरवा, तपकिरी किंवा काळपट, घट्ट, गुळगुळीत थर असेल तर ते तिचे कवच आहे. त्याने आतले तांबे सांभाळले आहे, आणि खोलगट भागातल्या काळेपणामुळेच झिजलेली अक्षरे वाचता येतात. आपल्याकडे तांब्याचे काही दिसले की बायकांचा हात चिंच-मिठाकडे जातो. माझ्या मावशीने देवघरातल्या तांब्याबरोबर एक शिवराई घासली. ती गुलाबी झाली आणि ‘शिव’मधला ‘व’ दिसेनासा झाला. अक्षर झिजले नव्हते, त्याला उठाव देणारी काळी रेघ गेली होती.

पण त्याच शिवराईवर फिकट पोपटी, भुकटीसारखे ठिपके दिसले आणि ते काडीने हलके टोकरल्यावर झडले, खाली खड्डा निघाला, तर तो चालू आजार आहे. धातूत मुरलेला क्षार आणि हवेतला ओलावा मिळून तो तांबे पोखरत राहतो, आणि कोकणासारख्या दमट हवेत तर पावसाळ्यात डोळ्यांदेखत वाढतो. असे नाणे आधी बाकीच्यांपासून वेगळे करावे आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डबीत ठेवावे. भुकटी पुन्हा आली तर ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून, पाणी वारंवार बदलत, दिवसच्या दिवस क्षार काढावे लागतात. मौल्यवान नाणे असेल तर हेही घरी करू नये. धातूच्या वस्तूंचे संवर्धन शिकलेल्या माणसाला दाखवावे. ते लोक सूक्ष्मदर्शकाखाली कण कण काढतात, आणि काय काढले याची नोंद ठेवतात.

दुसरा चालू आजार आपणच आणतो. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी वर्षानुवर्षे राहिली की त्यांच्यावर हिरवट चिकटा धरतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून निघतो, कारण ॲसिटोन चिकटा विरघळवते आणि धातूला धरत नाही. नेलपॉलिश काढायच्या बाटलीतले चालत नाही, त्यात इतर गोष्टी असतात. खिडकी उघडी, गॅस बंद, बाटलीला झाकण, आणि नाणे चोळायचे नाही, नुसते टिपायचे. घरच्या घरी करण्यासारखे एवढेच आहे, असे मला आता वाटते.

टूथपेस्ट, सोडा, चांदी चकचकीत करायचे द्रावण यांचे नावही काढू नये. नाणी पारखून दर्जा ठरवणाऱ्या परदेशी कंपन्या घासलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या नाण्याला आकड्यातला दर्जा देत नाहीत, नुसता ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात. आणि तिकडच्या दुरुस्तीवाल्याकडे नाणे पाठवायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याच्या पिशवीतूनही नाही.

एवढे सांगूनही ज्यांना भोक बुजवून घ्यायचेच आहे त्यांना मी एकच विनवते. आधी दोन्ही बाजूंचा आणि काठाचा स्वच्छ फोटो काढा, वजन लिहून ठेवा, आणि विकताना दुरुस्ती झाली आहे हे तोंडाने सांगा. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्थेत नाण्यांचा संग्रह आहे. शक्य असेल तर तिथे एकदा जाऊन बिनघासलेली नाणी डोळे भरून पाहून या. रंग कसा असायला हवा हे एकदा नजरेत बसले की चकाकीची भूल पडत नाही.

माझे उरलेले दोन रुपये तसेच आहेत, कड्यांसकट. परवा १८६२ च्या पाकिटात ठेवलेली सराफाची पुडी सोडवली. ती कडी एका बाजूने झिजून सुतासारखी बारीक झाली आहे, जिथे आजीचा गोफ घासायचा तिथे. मी ती पुन्हा पुडीत बांधली आणि पाकिटावर लिहिले: ‘१८६२, मूळ कडी सोबत. कडी काढलेली, तापवलेला, पॉलिश केलेला. सालाखालचे ठिपके त्यात गेले.’ खाली माझे नाव आणि तारीख घातली.