मेंढी कधी विणार, हे कोकरू ठरवतं

सख्यांनो, मागच्या बैठकीत एका ताईने विचारलेला प्रश्न अजून डोक्यात आहे. गटाच्या कर्जातून घेतलेली तिची मेंढी लंगडत होती. कुणीतरी सुजेवरचं इंजेक्शन दिलं. पाय सुधारला, पण तिसऱ्या दिवशी मेंढी दिवस भरायच्या आधीच व्याली आणि कोकरू हाती लागलं नाही. "इंजेक्शनने असं होतं का हो?" होऊ शकतं. कसं, ते बघू.

मेंढीचे दिवस साधारण १४७, म्हणजे पाच महिन्यांना थोडे कमी. आपल्याला वाटतं, दिवस भरले की आईचं शरीरच कळा सुरू करतं. मेंढीत मात्र सांगावा कोकराकडून येतो. मटणातला गुरदा तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्याजवळच्या चरबीत एक छोटी ग्रंथी दडलेली असते, ॲड्रिनल. पोटातल्या कोकरालाही ती असते. ती कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवते. संप्रेरक म्हणजे रक्तातून जाणारा निरोप.

हिलाही वरून हुकूम लागतो. कोकराच्या मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, ती एसीटीएच हे संप्रेरक पाठवते. मधल्या महिन्यांत ॲड्रिनल या हाकेला फारशी ओ देत नाही, तिची तयारीच झालेली नसते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र ती वाढते आणि कॉर्टिसॉल चढत जातं. ते वारेपर्यंत पोचतं. तिथे तोवर गाभ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बनत असतं, आता त्याचं इस्ट्रोजेन व्हायला लागतं. गर्भाशय आकसू लागतं आणि कळा येतात.

हे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या डॉ. ग्रॅहम लिगिन्स यांनी दाखवून दिलं. १९६० नंतरच्या दशकातली गोष्ट. पोटातल्या कोकराची पिट्युटरी निकामी केली, तर दिवस उलटून गेले तरी मेंढी वीतच नाही. उलट कोकराला एसीटीएच किंवा कॉर्टिसॉलसारखं स्टेरॉइड दिलं, तर ती आधीच विते. आणि एक नवल दिसलं. महिनाभर आधी जन्मलेलं, जगण्याची आशा नसलेलं कोकरू श्वास घेत होतं! अपुऱ्या दिवसांच्या फुफ्फुसाच्या आतल्या बाजू ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारख्या चिकटतात. स्टेरॉइडने फुफ्फुसं लवकर पिकली होती.

मग लिगिन्स आणि डॉ. रॉस हॉवी यांनी अपुऱ्या दिवसांत कळा आलेल्या बायांना असंच इंजेक्शन दिलं. १९७२ साली निकाल छापला. इंजेक्शन न मिळालेल्यांची शंभरातली १५ बाळं पहिल्या दिवसांत दगावली, मिळालेल्यांची ३. आज आपल्याकडेही सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान कळा आल्या, तर याच कारणासाठी डेक्सामेथासोन देतात. म्हणून गटातल्या कुणाला अशा कळा आल्या तर घरी वाट पाहू नका. लगेच सिस्टरताईंना कळवा, दवाखाना गाठा.

"मग त्याने आमचंही बाळंतपण आधी होईल का?" नाही. बाईची वार वेगळी असते. या इंजेक्शनने कळा सुरू होत नाहीत. मेंढीत मात्र शेवटच्या महिन्यात दिलं, तर वारेला वाटतं कोकराचाच निरोप आला. दोन-तीन दिवसांत मेंढी मोकळी होते, कोकराचे दिवस भरलेले असोत नसोत.

म्हणून पशुवैद्य किंवा पशुसखी आली की सुई टोचायच्या आधी सांगा, "मेंढी गाभण आहे, इतके दिवस झालेत." स्टेरॉइड सुजेवर, खाजेवर, लंगडण्यावरही देतात. बाटली मागून नाव वाचा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन. दिवस सांगता यायचे तर नर लागल्याची तारीख लिहून ठेवावी लागते. गटाच्या वहीचं मागचं पान त्याला पुरतं. १ जुलैला नर लागला असेल, तर मेंढी २५ नोव्हेंबरच्या आसपास विणार.