धडा : वायूचा दाब मोजणारी नळी

शेजारच्या घरी गोबरगॅस आहे. एका सांजेला सूनबाई काडेपेटी घेऊन नळाशी वाकलेली दिसली.

"गुरुजी, शेगडी मंद जळतेय. वायू कुठं गळतो ते बघते."

मी ओरडलो, "काडी पेटवू नकोस, पोरी! वायू गळत असला तर भडका होईल. त्याचा दाब मोजू या."

वायू डोळ्यांना दिसत नाही. मग त्याचा दाब कसा मोजायचा? साध्या पाण्याने!

एक पारदर्शक नळी घ्यावी. ती 'यू' अक्षरासारखी वाकवून उभ्या फळीवर बसवावी. तीत निम्म्यापर्यंत हळदीचे पाणी भरावे. मागे सेंटिमीटरची पट्टी लावावी. हिला दाबमापक म्हणतात, इंग्रजीत मॅनोमीटर.

दोन्ही तोंडे उघडी असली की पाणी दोन्हीकडे सारखे राहते. एका तोंडाने हळूच फुंका. त्या बाजूचे पाणी खाली जाते, दुसऱ्या बाजूचे वर चढते. वायूही असाच पाणी ढकलतो.

आम्ही नळीचे एक तोंड वायूच्या नळाला जोडले. दुसरे उघडे ठेवले. चावी उघडली. एका बाजूचे पाणी ४ सेंटिमीटर उतरले, दुसऱ्या बाजूचे ४ चढले. दाब किती?

सूनबाई म्हणाली, "चार."

नाही! दोन्हींतला पुरता फरक धरायचा. ४ आणि ४ मिळून ८ सेंटिमीटर. तरंगत्या टाकीच्या गोबरगॅसला ७ ते १० सेंटिमीटर दाब असतो. म्हणजे दाब ठीक होता.

मग आम्ही टाकीजवळची चावी बंद केली. शेगडीचीही बंद केली. दहा मिनिटे थांबलो. फरक कमी झाला असता, तर नळ गळतो असे समजलो असतो. मग सांध्यांना साबणाचा फेस लावला असता. जिथे बुडबुडे येतात, तिथे गळती. पण पाणी हलले नाही. नळ शाबूत होता! दोष शेगडीतच होता. तिचे बारीक भोक काजळीने बुजले होते. ते साफ केले. निळी ज्योत फुलली.

डॉक्टर रक्ताचा दाब मोजतात, तेही याच हिशेबाने. १२० म्हणजे पाऱ्याची १२० मिलिमीटर उंची. पारा पाण्याहून १३.६ पट जड असतो. पारा न घेता पाणी घेतले असते, तर सुमारे १६३ सेंटिमीटर उंच नळी लागली असती! पारा विषारी आहे, म्हणून आता पुष्कळ ठिकाणी दुसरी यंत्रे वापरतात.

ध्यानात ठेवा : गळती शोधायला फेस लावा, काडी कधीही पेटवू नका. वायूचा वास आला तर आधी चावी बंद करा, दारे-खिडक्या उघडा.

प्रश्न
१. पाणी एकीकडे ३ सेंटिमीटर उतरले, दुसरीकडे ३ चढले. दाब किती?
२. दोन्ही चाव्या बंद आहेत, तरी फरक कमी होतो. याचा अर्थ काय?

लिहा : दाब, नळी, चावी, गळती.