बुडीत कारखाना घेताना जुनी देणी कुणाच्या माथी?

प्रश्न : चाकणजवळचा एक फोर्जिंगचा कारखाना कर्जात बुडाला आहे. तो मला घ्यायचा आहे. जीएसटी आणि वीजबिलाची जुनी थकबाकी माझ्यावर येईल का?

उत्तर : कारखाना कोणत्या दाराने घेता, यावर ते ठरेल. बँक सरफेसी कायद्याखाली लिलाव करत असेल, तर तुम्ही मालमत्ता ‘आहे त्या स्थितीत’ घेता. नवे वीजजोड मागायला गेलात की आधीच्या मालकाची थकबाकी पुढे येऊ शकते. अशी वसुली सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ग्राह्य धरली आहे.

2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने (एनसीएलटी) मंजूर केलेल्या योजनेतून कंपनी घेतलीत तर चित्र वेगळे. योजनेत नसलेली जुनी देणी, सरकारी करांसकट, संपतात. हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या घनश्याम मिश्रा निकालाने पक्के केले. मात्र धनको समितीची 66 टक्के मते लागतात, आणि संयमही. भूषण पॉवर ही पोलाद कंपनी जेएसडब्ल्यूने अशाच योजनेतून 2021 मध्ये ताब्यात घेतली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजनाच रद्द केली, जुलैमध्ये तो निकाल मागे घेतला आणि सप्टेंबरमध्ये योजना कायम केली. एवढी टांगती तलवार लहान उद्योजकाला पेलवत नाही.

जुने मालक तुम्हाला पुढे करून कंपनी परत घेऊ पाहत असतील (असे सर्रास सुचवले जाते), तर अशा मालकांना अपात्र ठरवणारे संहितेचे कलम 29अ आधी वकिलाला दाखवा. लघुउद्योगांना त्यात काही सवलत आहे; हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्याला नाही.