सीमाभागातील मराठी शाळा : पालकांनी काय मागावे?

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेचे ३५०-अ कलम (१९५६) सांगते. बेळगाव परिसरात आपण त्याच्या आधारे शाळा आणि शिक्षक मागतो. ते रास्तच आहे. वर्गात काय घडते, हे मात्र क्वचित विचारतो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी बैठकीत रंगरंगोटीइतकाच वेळ वाचनालाही द्यावा. चौथीतले मूल अनोळखी उतारा वाचून त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगते का? (बोलीत सांगितला तरी चालेल.) आणि कन्नडही नीट शिकवा, हा आग्रह मराठी पालकांनीच धरावा, उद्या तलाठ्याकडे अर्ज त्याच मुलाला लिहायचा आहे.