तारा लावलेल्या दातांना हुरडा चालेल?

प्रश्न : मुलीच्या दातांना तारा लावल्यात. हुरडा, ऊस खाऊ द्यावा का? (एक वाचक, राहुरी)

उत्तर : हुरडा खुशाल द्यावा, पण दाणे ब्रॅकेटभोवती (तार धरायला दातावर चिकटवलेल्या छोट्या चकतीभोवती) अडकतात, म्हणून लगेच खळखळून चूळ हवी. ऊस मात्र दातांनी सोलू नये, ब्रॅकेट निखळतं. खरी काळजी उसाच्या रसाची. त्यातली साखर तारेभोवतीच्या किटणातले जंतू खातात, आम्ल बनतं आणि महिनाभरातही दातांवर पांढरे डाग उमटू शकतात. तारा निघाल्या तरी ते बहुधा राहतातच.

रात्रीचं ब्रशिंग चुकवू नये. फ्लोराइडची पेस्ट घेऊन ब्रश तिरका धरावा, तारेच्या वर आणि खाली फिरवावा. फटींसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश.

तारांऐवजी अलाइनर (दात सरळ करणारा, काढता येणारा प्लास्टिकचा साचा) असेल तर खाताना काढावा. गरम पाण्याने धुऊ नये, आकार बिघडतो.

ब्रॅकेट सुटल्यास घरी चिकटवू नका. लोणीच्या ग्रामीण दंत महाविद्यालयात किंवा आपल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे दाखवा.